सरकीच्या गोदामातली जपानी खोली

४ मार्च २००४, गुरुवार

मला काम मिळालं. दिवसभर हे वाक्य मनात इतक्या वेळा म्हणून झालं की एकदा कागदावर असावं, म्हणून ही वही.

काम गिरिजामावशींचं. त्या मायच्या माहेरच्या गावच्या. जालन्यात कारखान्यांच्या रस्त्याला त्यांची खानावळ आहे. जानेवारीत एका बियाण्याच्या कंपनीत मशीन बसवायची तयारी करायला जपानहून चार माणसं आली होती. तीन आठवडे ती मावशींच्या पत्र्याखाली जेवली. आता मेमध्ये परत येणार आणि पुढचं वर्षभर येत-जात राहणार. खानावळीला लागून मावशींचं सरकीचं जुनं गोदाम रिकामं पडलंय, बारा फूट बाय बावीस. त्यात त्यांना छोटं जपानी हॉटेल काढायचंय. आतून कसं असावं ते मी ठरवायचं.

"त्या लेकरायला पत्र्याखाली घामाघूम जेवताना पाह्यलं की पोटात तुटतं माझ्या," मावशी म्हणाल्या. त्या लेकरांतले ओगावासाहेब साठीचे आहेत.

घरी सांगितलं. वडिलांनी, आबांनी, ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बी.ए. करून वर औरंगाबादला दोन वर्षं डिझाइन शिकली. आता एक काम करून दाखव. बराबर झालं तर तुझ्या मनासारखं. न्हाई तर जूनमध्ये डीएडचा फॉर्म." डीएडचं खूळ मोठ्या काकांचं, काकासाहेबांचं. आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. त्यामुळे माझं काय करायचं हे कुणालाच नीट ठाऊक नाही, आणि मत मात्र सगळ्यांना आहे.

मला ठाऊक आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टवर मी लिहिलं होतं, "परंपरा आणि आधुनिकता यांचा संगम." तेव्हा ते नुसतं वाक्य होतं. आता त्याला बारा बाय बावीसची जागा मिळाली.

९ मार्च, मंगळवार

सकाळच्या पॅसेंजरने बदनापूरहून जालना. गोदामाचं माप घेतलं. तीनदा घेतलं, कारण तिन्ही वेळा वेगळं आलं. भिंती सरळ नाहीत. सरकीचा तेलकट वास अजून जमिनीत आहे.

जपानी घरांवरचं एक पुस्तक आमच्या कॉलेजच्या मॅडमनी मला वाचायला दिलंय. त्यातली चहाची खोली दाखवली. मातीची भिंत, मातीत गवताच्या काड्या दिसतायत. मावशींनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"ही तर आमच्या जुन्या घरची भित हाय."

"हो ना! तेच तर, मावशी. तुमचं आणि त्यांचं—"

"अगं, त्या मातीच्या भिती पाडून शिमीट करता करता माझी उमर गेली. आन् आता तू पुन्हा माती लाव म्हनतीस? वर माझ्याच खर्च्यानं?"

मी त्यांना समजावलं की सिमेंट ही घाई आहे आणि माती हा विचार आहे. त्या म्हणाल्या, "विचार पावसात गळतो, पोरी." शेवटी ठरलं की बाहेरून सिमेंट राहू द्यायचं आणि आतून माती लावायची. त्यांना वाटतं त्या जिंकल्या. मला वाटतं मी.

१८ मार्च, गुरुवार

सुतार कचरूभाऊ. आयुष्यभर बैलगाड्या आणि तिफणी केल्या, आता कुणी गाड्या करत नाही म्हणून दारं-खिडक्या करतात. पुस्तकातला सरकता जाळीदार दरवाजा दाखवला. बारीक पट्ट्यांची चौकट, चौकोन चौकोन, त्यावर कागद. खिळा एकही नाही.

"ताई, गाडीच्या चाकाला तरी कुठं खिळा असतो?" असं म्हणून त्यांनी पुस्तक उलटं धरून, सुलटं धरून बघितलं. "हे करणारा मिस्त्री बराबर हाय. फक्त जरा नाजूक."

मावशींनी बसायचा चौथरा दीड फूट उंच करायला सांगितला. पुस्तकात तो जेमतेम पायरीएवढा आहे. त्या म्हणाल्या, ओगावासाहेबांचा गुडघा वाकत नाही, ते जानेवारीत कॉटच्या कडेला पाय सोडून जेवायचे. मी म्हटलं, जपानी माणूस जमिनीवर बसतो. "मी त्याला जेवू घातलंय, तुझ्या पुस्तकानं न्हाई," मावशी म्हणाल्या. चौथरा दीड फूट. नकाशात मी त्याला "ओट्याची परंपरा" असं नाव दिलं.

२७ मार्च, शनिवार

माय आणि शेजारच्या नंदाबाई पाच दिवसांपासून भिंती लावतायत. पांढरी माती, गव्हाचं भुसकट आणि थोडं शेण. मी शेण नको म्हणत होते, मायने ऐकून घेतलं आणि टाकलं. मी मागे उभी राहून सूचना करत होते. इथे जरा काडी दिसू दे, तिथे हात मोठा फिरव. सहाव्या सूचनेला नंदाबाई म्हणाल्या, "चतुराबाई, तुमची पोरगी भितीला शिकवून राह्यली का तुम्हाला?"

माय म्हणाली, "तिला दोन घमेली माती आनायला लावा."

आणली. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन भिंतीवर आलं आणि त्यात काड्या चमकल्या. पुस्तकातल्या फोटोपेक्षा चांगलं दिसत होतं. माय हात धुता धुता म्हणाली, "शाळा शिकून मातीतच आली म्हन." ती खूश होती की टोमणा मारत होती, कळलं नाही.

३ एप्रिल, शनिवार

आबांना हल्ली जालन्याला फार कामं निघतात. परवा पाइपाचा तुकडा आणायला गेले, काल तो बदलायला. मला वाटतं काकासाहेबांशी डीएडचं बोलणं चालू असणार. जालन्याहून आले की माझ्याकडे नुसते बघतात.

कामावर एक त्रास. मी नसताना कुणीतरी म्हातारा आत येऊन जातो. चौथऱ्यावर बसून बघतो, भिंतीला हात लावतो, चौकटी हलवून बघतो. कचरूभाऊंनीच सांगितलं. मी जरा रागावले. म्हटलं, बाहेरच्या माणसाला काम चालू असताना आत सोडायचं नाही, काही पडलं-बिडलं तर जबाबदारी माझी.

"बरं ताई," म्हणाले, आणि रंधा मारता मारता हसत राहिले. त्यांना माझा अधिकार अजून पटलेला दिसत नाही.

१६ एप्रिल, शुक्रवार

पुण्याहून हातकागद आला! पांढरा, त्यात रेशे दिसतात. निवडणुकीमुळे ट्रान्सपोर्ट बंद-चालू होतं, पेंटर तर सगळे भिंतींवर चिन्हं रंगवायला गेलेत. त्यामुळे चौकटींना तेल मी आणि कचरूभाऊंनी मिळून दिलं. कागद मी एकटीने चिकटवला. मैद्याची खळ, त्यात मुंग्या लागू नयेत म्हणून मोरचूद. स्वयंपाकघराच्या बाजूने ओळीत लावलेली सहा दारं, तीन दिवस. वाळल्यावर कागद डफासारखा ताणला गेला. बोटाने वाजवून पाहिला. मागे दिवा लावला तर सगळं दार उजळलं.

मावशी पदराने कपाळ पुसत उभ्या होत्या. "लई छान. आता कूलर कुठं ठुवायचा?"

मी म्हटलं, कूलर नाही. वाऱ्याची सोय मी खिडकीने केली आहे. पुस्तकातल्या एकाही खोलीत कूलर नाही.

"तुझ्या पुस्तकातल्या मान्सायला घाम येत न्हाई का?"

२४ एप्रिल, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. पण या वहीत फक्त चांगलं लिहायचं तर वही कशाला.

काल मावशींनी मला न विचारता मागच्या खिडकीत कूलर बसवला आणि चालतो का ते बघायला दिवसभर चालू ठेवला. आज सकाळी मी दार उघडलं तर सहाही दारांचा कागद पोतेऱ्यासारखा लोंबत होता. दमट हवेने खळ सुटली होती. एका दाराचा तर सबंध ताव खाली पडून त्यावर मांजर झोपलं होतं.

मी मावशींवर ओरडले. त्यांच्याच खानावळीत, जेवणाऱ्या लोकांसमोर. म्हटलं, तुम्हाला हॉटेल नको, गोदामच हवंय.

त्या चिडल्या नाहीत, ते जास्त लागलं. वाढता वाढता म्हणाल्या, "बाहेर बेचाळीस डिगरी हाय. बिनकूलरच्या खोलीत तू घंटाभर बसून दाखव. बसलीस तर कूलर काढते."

मी बसले. दार लावून, चौथऱ्यावर, दुपारी दीड वाजता. वीस मिनिटांनी कचरूभाऊंनी पाण्याचा तांब्या आत सरकवला. पस्तीस मिनिटांनी मी बाहेर आले. मावशींनी ताकाचा पेला पुढे केला.

कूलर राहणार. मग कागद राहत नाही. कागद नाही तर ती दारं म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. काच लावायची तर पट्ट्या तेवढं वजन पेलणार नाहीत. पाहुणे ६ मेला येतायत. बारा दिवस.

२५ एप्रिल, रविवार

घरीच. आबांनी विचारलं, "काय झालं?" सांगितलं. मला वाटलं म्हणतील, बघ. त्यांनी विचारलं, "चौकोन केवढे केलेत?"

"सात इंच बाय दहा."

"हं," म्हणाले आणि गोठ्याकडे गेले. माझं सगळं आयुष्य पणाला लागलंय आणि आबांना चौकोनाचं माप पाहिजे. संध्याकाळी सायकल काढून कुठेतरी गेले. मी डीएडच्या अभ्यासक्रमात काय असतं याचा विचार करून पाहिला. बालमानसशास्त्र. वाईट नसेल.

२६ एप्रिल, सोमवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

सकाळी ओसरीवर पिशव्यांचे गठ्ठे होते. बियाण्याच्या प्लॉटवर कणसांना घालायच्या बटर पेपरच्या पिशव्या. दुसऱ्या कणसाचे पराग येऊ नयेत म्हणून फुलोऱ्याआधी प्रत्येक कणसाला एक पिशवी चढवतात. आमच्या गावात निम्म्या बायका हंगामात तेच करतात, माय वीस वर्षं करते. हंगाम संपला की उरलेल्या पिशव्या घराघरांत पडून असतात. कुणी जिरं बांधतं, कुणी बरणीच्या तोंडाला लावतं. इतकं रोजचं आहे ते की मला कधी दिसलंच नव्हतं.

"एवढ्या कुठून आल्या?" मी विचारलं.

"आल्या कुठूनतरी," माय म्हणाली. "इकडं बघ." तिने एक पिशवी ताटात पसरून वर तांब्यातलं पाणी ओतलं. पाणी थेंब होऊन घरंगळलं. पिशवी जशीच्या तशी. "महिना महिना दवात राह्यती ही. तुझा कूलर काय करनार हिला?"

मी पिशवी उलगडली आणि पट्टीने मोजली. आठ बाय अकरा. चौकोनापेक्षा चहूबाजूंनी अर्धा अर्धा इंच जास्त, कडा दुमडून चिकटवायला बरोबर तेवढा. काय योगायोग! उजेडाकडे धरली तर दुधासारखा प्रकाश.

मी मायला मिठी मारली. ती म्हणाली, "मला काय करती, मी फक्त पानी वतलं."

२९ एप्रिल, गुरुवार

माय, नंदाबाई आणि त्यांच्या प्लॉटवरच्या चार बायका जालन्यात. कचरूभाऊंचा पांढरा गोंद. मी एक चौकोन चिकटवायला पाच मिनिटं घेते आणि तरी कोपऱ्यात सुरकुती राहते. या बायका बोलता बोलता मिनिटाला एक करतात. कोवळ्या फुलाला न दुखवता हात लावायची त्यांची सवय, कागदाला काय होणार.

"सरू, तू बाजूला बस आन् आम्हाला काय सांगायचं ते सांग," नंदाबाई म्हणाल्या.

"काही नाही सांगायचं."

"आगं बाई. लेकरू आजारी हाय का?"

सगळ्या हसल्या. काही पिशव्या वापरलेल्या निघाल्या, त्यांवर पेन्सिलीने तारखा, खुणा. मी त्या वेगळ्या काढत होते, मग थांबले. त्याही लावायला सांगितल्या. दिवा लावल्यावर त्या तारखा पुसट दिसतात. पुस्तकात असं कुठेही नाही. पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी कूलर चालू केला. रात्रभर चालू ठेवायला सांगून आले.

३० एप्रिल, शुक्रवार

एकही सुटला नाही. मावशींनी स्वतः दाराला टिचकी मारली आणि म्हणाल्या, "आता खोलीत कूलर हाय तेवढं त्या दाराला सांगू नको."

२ मे, रविवार

बाहेरच्या दाराला निळा अर्धा पडदा लावला, मधोमध चिरलेला. जपानी हॉटेलांना असतो. फार सुंदर दिसत होता. तासाभरात दोन माणसं आली, इकडेतिकडे बघून हळूच मावशींना विचारलं, "बसायची सोय हाय का?"

मावशी म्हणाल्या, "बसायची हाय. प्यायची न्हाई. भात खायचा असंल तर या."

मला उशिरा कळलं. आपल्याकडे हॉटेलच्या दाराला पडदा म्हणजे दारूचं हॉटेल! दुपारपर्यंत असे सात जण येऊन गेले. एक तर नेहमीचं गिऱ्हाईक होतं, ते मावशींना बघून पळालं. शेवटी मावशींनी पडदा काढला आणि पांढऱ्या रंगाने त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "घरगुती जेवण". मला रडू आलं. मग पुस्तक उघडून पाहिलं. तिथल्या पडद्यांवरही काहीतरी लिहिलेलंच आहे. काय लिहिलंय मला वाचता येत नाही. तेच असू शकतं.

६ मे, गुरुवार

आले.

दिवेलागणीला. चार जण, सोबत कंपनीचे एक साहेब, दुभाषी म्हणून. दारातच थांबले. बूट काढून, वळवून, ओळीत ठेवले. मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "बघ, वळन." मी मावशींच्या मागे उभी होते.

आत आल्यावर चौघांनी भिंतींवरून नजर फिरवली. तरुण तिघं शिंदीच्या चटईवर मांडी घालून बसले. ओगावासाहेब चौथऱ्याच्या कडेला गेले, पाय खाली सोडले आणि "आ!" म्हणाले. नुसतं "आ". मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी छताकडे बघितलं.

मग वीज गेली. नेहमीचीच वेळ, मी विसरले होते! कूलर थांबला. मला वाटलं संपलं. पण मावशींनी दोन कंदील आणले आणि कचरूभाऊंनी ते जाळीदार दारांच्या मागे नेऊन ठेवले. सगळी खोली त्या पिशव्यांच्या उजेडाने भरली. सहा दारं, शेकडो चौकोन.

ओगावासाहेब उठून दाराजवळ गेले. बोट एका चौकोनावर टेकवून काहीतरी म्हणाले. साहेब म्हणाले, "ते विचारतायत, ही तारीख कसली?"

मी सांगितलं, त्या दिवशी त्या कणसाला पिशवी घातली. "कोणी घातली?" मला नाव माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरातून मायला बोलावलं. ती पदर सावरत आली, पेन्सिलीची खूण बघितली. "ही माझीच. मी अशी तिरपी रेघ मारती." साहेबांनी सांगितल्यावर ओगावासाहेब मायसमोर कमरेत वाकले. माय घाबरून मागे सरली आणि तीही वाकली. मग ते पुन्हा वाकले. हे कुठवर चाललं असतं कोण जाणे. मावशी म्हणाल्या, "बास करा, भात गार होऊन राह्यला."

मावशींनी त्यांच्याकडूनच शिकलेली मैद्याची पांढरी भजी वाढली, सोबत ठेचा. आग्रह करून करून वाढला. तिघा पोरांचे कान लाल झाले आणि त्यांनी परत मागितला.

बाहेर आले तर आबा खिडकीशी उभे. "तुम्ही कधी आलात?" मी विचारलं. ते म्हणाले, "पाइपाचं काम होतं."

मावशी आतून ओरडल्या, "अहो पाव्हणे, रोज चोरून बघता, आज समोरून या की!" कचरूभाऊ खो खो हसले. मावशी कुणाचीही थट्टा करतात, पण आबा एवढे लाजलेले मी कधी पाहिले नव्हते. आत आले, भिंतीजवळ बसले, जेवले. खोलीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. निघताना साहेबांनी सांगितलं की पाहुण्यांना रोज इथेच जेवायचंय. आबांनी ते ऐकलं.

घरी येताना गाडीत मीच विचारलं, "बराबर झालं का?"

आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भजी जरा अळणी होती."

८ मे, शनिवार

आज रात्री जेवताना आबा म्हणाले, "उद्या लवकर ऊठ. वाटूरला जायचंय."

कशाला, ते सांगितलं नाही. "साडी नेसू का ड्रेस घालू?" मी विचारलं. मायने माझ्याकडे बघितलं. "तुला काय ते," आबा म्हणाले. वाटूरला एक तर डीएड झालेले काकासाहेबांचे साडू राहतात, नाही तर कुणाचा तरी मुलगा. झोप येईल असं वाटत नाही.

९ मे, रविवार

साडीच नेसून गेले. वाटूर फाट्यावर उतरलो. आबा मला कुणाच्याही घरी न नेता रस्त्याकडेच्या एका अर्ध्या बांधलेल्या दुकानात घेऊन गेले. मालक बद्रीनाथ म्हणून एक जाडजूड गृहस्थ, आबांची ओळख बाजारात कधीतरी झालेली. त्यांना तिथे चहाचं हॉटेल काढायचंय.

"रखमाजी, तुमी म्हनलात म्हनून थांबलो. न्हाई तर परवाच फरशी टाकनार हुतो." मग आबांनाच विचारायला लागले, "खिडकी कुठं ठुवावी? पश्चिमेला चालंल का?"

आबांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. "मला काय विचारता? मॅडम हायत ना."

आजूबाजूला पाहिलं. मॅडम म्हणजे मीच. बद्रीनाथही माझ्याकडे बघायला लागले. मला काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं, परंपरा वगैरे. पण मी म्हटलं, आधी माप घेऊ. दुपारी इथे ऊन कुठून येतं? बसणारा एसटीची वाट बघणारा असेल की गप्पा मारणारा? बद्रीनाथ विचारात पडले. आबा नाही पडले. ते म्हणाले, "दोन्ही."

बद्रीनाथांचा माणूस चहा आणायला गेला होता, म्हणून फितीचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. आबांनी चप्पल काढली, विटांच्या ढिगाऱ्यावरून पलीकडच्या भिंतीपाशी गेले आणि टोक भिंतीला लावून वाकून उभे राहिले. मग त्यांना वाटलं आकडा आपणच वाचावा, म्हणून टोक माझ्याकडे दिलं, फीत स्वतःकडे घेतली, डोळे बारीक केले आणि तिथून ओरडले, "अठरा फूट, चार इंच! लिवलं का?"

कुणी सांगितलेलं माप मी परत मोजते, कॉलेजात तेच पहिलं शिकवलं. हे मात्र तसंच लिहून घेतलं.